भुकेल्या मुलांची कैवारी : मार्गारेट मॅकमिलन

शाळेत येणारे मूल जेवून आले आहे की उपाशी, हे पाहणे शाळेचे काम आहे काय? सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील पुष्कळ शहाणी माणसे या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देत. मुलांना खाऊ घालणे हे आईबापांचे कर्तव्य. तो भार शाळेने उचलला तर आईबाप निष्काळजी होतील, असे त्यांचे म्हणणे. या मताशी जन्मभर झुंजलेल्या एका बाईंची ही हकीकत आहे.

मार्गारेट मॅकमिलन यांचा जन्म १८६० साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, एका स्कॉटिश कुटुंबात झाला. १८६५ साली पितृछत्र हरपले आणि आई मुलींना घेऊन स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे परतली. थोरली बहीण रेचेल हीच पुढे मार्गारेटबाईंची आयुष्यभराची सोबतीण झाली. युरोपात संगीत व भाषा शिकून आलेल्या मार्गारेटबाईंना श्रीमंतांच्या मुलींना शिकवीत सुखाने दिवस काढता आले असते. परंतु १८९३ साली त्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरी राहावयास गेल्या आणि पुढच्याच वर्षी तेथील शिक्षणमंडळावर निवडून आल्या.

तेथील प्राथमिक शाळांत त्यांनी जे पाहिले, त्याने त्यांची झोप उडाली. अकरा-बारा वर्षांची कित्येक मुले अर्धा दिवस गिरणीत राबत आणि उरलेला अर्धा दिवस वर्गात पेंगत. कित्येकांच्या अंगावरचे कपडे थंडी सुरू होताना चढविलेले असत, ते महिनोगणती उतरतच नसत. अशा मुलांना पाढे घोकावयास लावण्यात काय अर्थ? बाईंनी आधी पाण्याची मागणी केली. १८९७ साली वॉपिंग मार्गावरील शाळेत स्नानगृह बांधले गेले. इंग्लंडातील शाळेतले ते पहिलेच. १८९९ साली डॉ. जेम्स केर यांच्या साहाय्याने त्यांनी मुलांची वैद्यकीय तपासणी करविली. स्वच्छ हवा, दीर्घ श्वसन, मोकळी हालचाल यांचाही त्या आग्रह धरीत. कवाईत तेव्हाच्या शाळांत होतीच. पण उपाशी पोराला ताठ उभे करणे म्हणजे व्यायाम नव्हे, हे आम्हां शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

१९०२ च्या कायद्याने शिक्षणमंडळेच बरखास्त झाली. त्यांचे अधिकार नगरसभांकडे गेले आणि नगरसभेवर स्त्रियांना तेव्हा निवडून येता येत नसे. बाईंची जागा अशी कायद्यानेच काढून घेतली! त्या ब्रॅडफर्ड सोडून रेचेलकडे गेल्या, पण लेखणी व व्याख्याने थांबली नाहीत. ब्रॅडफर्डचे फ्रेड जोवेट यांनी पार्लमेंटात हाच प्रश्न लावून धरला आणि १९०६ साली शाळकरी मुलांना भोजन देण्याची मुभा नगरसभांना मिळाली. सक्ती मात्र नव्हती.

ब्रॅडफर्डने वाट पाहिली नाही. १९०७ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत गरिबांच्या चाळीस मुलांना सकाळी न्याहारी व दुपारी जेवण देऊन त्यांची वजने घेण्यात आली. न्याहारीला ओटची पेज, दूध, काकवी व पाव. (आमच्या गोव्यातील पेजेची आठवण व्हावी असाच हा बेत!) मेजांवर स्वच्छ चादरी व फुले असत, भिक्षेकऱ्यांची पंगत असे तिचे रूप नव्हते. मुलांची वजने वाढू लागली. मध्येच सणाची सुट्टी आली, भोजन बंद पडले आणि त्या थोड्याच दिवसांत वजने उतरली. पुन्हा शाळा भरली, पुन्हा ती चढली. शहाण्यांच्या युक्तिवादाला तराजूने असे उत्तर दिले. त्याच वर्षी शाळांतील वैद्यकीय तपासणीचाही कायदा झाला.

तपासणीत रोग कळे, पण औषधपाणी कोण करणार? जोसेफ फेल्स या अमेरिकन साबण-कारखानदाराच्या साहाय्याने दोघी बहिणींनी १९०८ साली लंडनच्या बो भागात व १९१० साली डेप्टफर्ड या दरिद्री वस्तीत मुलांसाठी दवाखाने उघडले. बरे होऊन गेलेले मूल थोड्याच दिवसांत तीच व्याधी घेऊन परत येई, कारण घर तेच, कोंदट हवा तीच. म्हणून १९११ पासून त्यांनी मुलांना रात्री उघड्यावर निजविण्याची सोय केली आणि १९१४ साली लहानग्यांसाठी खुल्या हवेतील शाळा काढली. भिंतींऐवजी उघड्या पडव्या, सभोवार बाग, स्नान, सकस अन्न, दुपारची झोप आणि दिवसभर खेळ. मुडदुसाने पाय वाकलेली मुले तेथे धावू लागली.

महायुद्ध चालू असतानाच, १९१७ साली, रेचेल वारल्या. मार्गारेटबाईंनी शाळेला बहिणीचे नाव दिले आणि काम एकटीने पुढे रेटले. बालशिक्षिका तयार करणारे रेचेल मॅकमिलन महाविद्यालय १९३० साली डेप्टफर्डमध्ये उभे राहिले. पुढच्या वर्षी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, बाईंनी देह ठेवला.