फ्रेंडबाईंचे उंदीर

ब्लड कॅन्सर म्हटलं की आपल्याला आठवतो तो हिंदी पिक्चरमधला खोकणारा हिरो. पण या रोगाची मुळं जीन्सपर्यंत शोधत नेण्याचं बरंचसं काम झालं उंदरांवर, आणि त्यात शार्लट फ्रेंड हे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

१९२१ साली न्यूयॉर्कमध्ये एका रशियन ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या तीन वर्षांच्या असताना वडील हृदयाच्या जंतुसंसर्गाने गेले. तेव्हा पेनिसिलिन नव्हतंच. शार्लट दिवसा एका डॉक्टरांकडे काम करायच्या आणि रात्री हंटर कॉलेजात शिकायच्या (आपल्याला दिवसाचीच लेक्चर्स जड जातात!). युद्धात नौदलाच्या लॅबमध्ये रक्त तपासलं, १९५० साली येलमधून पीएचडी केली आणि मग त्या स्लोन-केटरिंग संस्थेत लागल्या.

तिथे कॅन्सरच्या पेशींच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालच्या फोटोत त्यांना व्हायरससारखे कण दिसले. त्यांनी त्या पेशींचा गाळलेला अर्क, म्हणजे ज्यात एकही पेशी नाही असा, नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना टोचला. काही महिन्यांनी काहींची प्लीहा फुगली. ल्युकेमिया! तो पुढे मोठ्या उंदरांनाही होऊ लागला. १९५६ साली परिषदेत हे सांगितल्यावर श्रोते अक्षरशः अंगावर आले, कारण कॅन्सर व्हायरसने होतो हे तेव्हा खुळचटपणाचं मानलं जाई. १९५७ साली पेपर छापून आला, इतरांनीही प्रयोग करून पाहिले आणि टीका हळूहळू थांबली.

१९७१ साली त्यांनी अजून एक धमाल केली. आपल्या केमिस्ट्री लॅबमधलं साधं सॉल्व्हंट, डीएमएसओ, या कॅन्सरपेशींना दिलं, तर त्या चक्क हिमोग्लोबिन बनवायला लागल्या. म्हणजे कॅन्सरपेशीला मारायचं नाही, तिला 'मोठी' करायचं. मला तर हाच शोध जास्त भारी वाटतो.

१९८१ साली त्यांना स्वतःलाच लिम्फोमा झाला. फार थोड्यांना सांगून त्या काम करत राहिल्या आणि जानेवारी १९८७ मध्ये गेल्या.

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, कळलं की फ्रेंड व्हायरस पेशीच्या डीएनएत घुसतो तो पुन्हा पुन्हा एकाच जीनजवळ, स्पाय-१ जवळ. मग तो जीन अडकलेल्या स्विचसारखा चालूच राहतो आणि लाल पेशी पक्व होत नाहीत. याचंच दुसरं नाव पीयू-१. गंमत म्हणजे उंदरात त्याचं प्रमाण एक पंचमांशावर आणलं, तरी मायलॉइड ल्युकेमिया होतो, हे २००४ साली दिसलं. जास्तही नको, कमीही नको. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना बायसिंग समजावायला नकोच. शिवाय काही काळ्या उंदरांना हा व्हायरस बाधतच नाही, तेही एका जीनमुळे.

डीएमएसओचा धागा इतरांनी पकडला आणि त्यातून निघालेलं व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते वापरतात त्वचेच्या एका लिम्फोमावर.