थकलेल्या हृदयाला टेकू

पारशिवनीच्या शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. पहाटे एका शेतकरी खातेदाराच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घालून आम्ही नागपूरची वाट धरली. हातपाय गार, नाडी लागेना. शहर येण्याआधीच सारे संपले. हृदयाचा पंपच थकला होता, हे पुढे एका डॉक्टरांनी समजावले.

अशा थकलेल्या हृदयांसाठी उभा जन्म झुंजलेले डॉ. प्रफुल्लकुमार सेन शाळकरी वयात नागपुरात शिकले, हे वाचले आणि हा माणूस मला आपला वाटू लागला.

१९१५ साली कोलकात्यात जन्मलेले सेन मुंबईच्या केईएममध्ये शल्यविशारद म्हणून गाजले. सापाच्या हृदयात रक्त पोकळीतूनच स्नायूत झिरपते. तेच माणसात साधावे म्हणून त्यांनी हृदयाच्या भिंतीला सुईने छिद्रे पाडून पाहिली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी हृदयारोपण केले. ते जगातले सहावे. रुग्ण तीनेक तासच जगला. पुढचा प्रयत्नही फसला. १९६९ मध्ये पद्मभूषण लाभले, १९८२ मध्ये ते गेले. भारतातले पहिले यशस्वी हृदयारोपण दिल्लीत १९९४ साली झाले.

सेन यांच्या आधी हृदयारोपण करणाऱ्या मोजक्या शल्यविशारदांत अमेरिकेचे एड्रियन कँट्रोविट्झ होते. त्यांनीच १९६७ मध्ये महाधमनीत फुगा सोडला. हृदय सैल पडताच तो फुगतो, आकुंचन पावताना मिटतो आणि हृदयाचा भार हलका करतो.

आज एक्मो हे यंत्र शिरेतले रक्त बाहेर घेऊन, प्राणवायू मिसळून धमनीत सोडते. पण त्या उलट्या दाबाने थकलेला डावा कप्पा अधिकच तुंबतो. म्हणून काही रुग्णांत सोबतीला फुगा, किंवा त्या कप्प्यातले रक्त उपसणारा बोटभर पंप लावतात. एक यंत्र देह सांभाळते, दुसरे हृदयाला उसंत देते. मात्र रक्तस्रावाचा, पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका वाढतो. सरसकट एक्मो लावल्याने जास्त जीव वाचतात, असे २०२३ च्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. यंत्रे असूनही यातले निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात.

म्हणूनच कुणाला, केव्हा हे ठरवणारी नजर मोलाची. आणि रुग्ण तिथवर वेळेत पोहोचणे त्याहून मोलाचे. छातीत कळ, दरदरून घाम, गार हात दिसले की उजाडण्याची वाट पाहू नका. सेन यांचा तो रुग्ण तीन तास जगला. आमच्या जीपमधल्या माणसाला तेवढेही मिळाले नाहीत.