दिल्लीची कसोटी, सांगलीचा कर्णधार

१९५१ सालच्या नोव्हेंबरची २ तारीख. दिवाळी नुकतीच आटोपली होती. दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतील पहिली कसोटी सुरू होत होती. इंग्लंडचे कर्णधार नायजेल हॉवर्ड यांच्यासोबत नाणेफेकीसाठी जो भारतीय कर्णधार खेळपट्टीकडे निघाला, त्याचा जन्म सांगलीतला. विजय सॅम्युअल हजारे हे त्यांचे नाव. अधिकृत कसोटीत देशाचे नेतृत्व करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

ज्या संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली होती, त्याची अवस्था फारशी अभिमानास्पद नव्हती. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळल्यापासून भारताने वीस कसोट्या खेळल्या होत्या. त्यांपैकी अकरा हरल्या, नऊ अनिर्णित राहिल्या. जिंकलेल्या सामन्यांच्या रकान्यात जवळपास वीस वर्षे शून्यच उभे होते. देश स्वतंत्र झाला, प्रजासत्ताक झाला, पण क्रिकेटच्या मैदानावर विजय काही पदरी पडत नव्हता.

सतत हरणाऱ्या संघाला नवा नेता मिळाला, की शौकिनांच्या गप्पांना ऊत येतो, हे काही आजचे नाही. तेव्हा चर्चेला विषयही भरपूर होते. १९४९ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाशी झालेल्या वादात लाला अमरनाथ यांना कर्णधारपद गमवावे लागले होते. विजय मर्चंट ज्येष्ठ होते, जाणकार होते. पण प्रकृती त्यांना साथ देत नव्हती. कॉमनवेल्थ संघाविरुद्धच्या अनधिकृत सामन्यांत हजारे यांनी नेतृत्व केले होते. मात्र त्यांचा स्वभाव अबोल आणि भिडस्त. असा माणूस दहा जणांना हुकूम कसा सोडणार, ही शंका रास्तच होती. त्यांच्या फलंदाजीविषयी मात्र कोणालाच शंका नव्हती.

११ मार्च १९१५ रोजी हजारे यांचा जन्म झाला, तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडे. अशा घरातून आलेल्या मुलाला त्या काळी क्रिकेट हे पोटापाण्याचे साधन व्हायचे, तर राजेरजवाड्यांचा आश्रय मिळणे भागच होते. हजारे यांनाही तो मिळाला. देवास संस्थानचे विक्रमसिंहराव पवार यांनी त्यांच्यातील गुण हेरले. ऑस्ट्रेलियाचे विख्यात लेगस्पिन गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. हजारे यांचा पवित्रा काहीसा विचित्र होता. बॅट दोन्ही पॅडच्या मधोमध आणि मुठीवर दोन्ही हात एकमेकांपासून दूर. पुस्तकी शिक्षक असता, तर त्याने पहिल्याच दिवशी तो मोडून काढला असता. ग्रिमेट यांनी मात्र त्याला हात लावू नये, असा सल्ला दिला. भारतीय क्रिकेटवर या परदेशी गुरूचे हे मोठेच उपकार म्हणायचे.

पुढच्या काही वर्षांत या पवित्र्यातून धावांचे डोंगर उभे राहिले. १९३९-४० च्या रणजी मोसमात महाराष्ट्राकडून खेळताना पुण्यात त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात भारतीय फलंदाजाने केलेले ते पहिले त्रिशतक. ज्यांच्याविरुद्ध हा पराक्रम केला, त्याच बडोद्याने पुढे त्यांना आपलेसे केले आणि तेच शहर त्यांचे कायमचे घर झाले.

१९४३ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हिंदू संघाने मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या जोरावर ५ बाद ५८१ वर डाव सोडला. हजारे यांचा शेष संघ १३३ धावांत गडगडला आणि फॉलोऑनची नामुष्की ओढवली. दुसऱ्या डावात शेष संघाने ३८७ धावा केल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. त्यांचे बंधू विवेक यांच्यासोबत झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा होता. एका बाजूने विकेट टिकवून धरणाऱ्या या धाकट्या भावाचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, पण त्या डावात त्याचाही हातभार होताच. सामना हिंदू संघाने एक डाव ६१ धावांनी जिंकला. एकाकी झुंज द्यायची आणि तरीही पराभूत संघाच्या तंबूत परतायचे, हा हजारे यांच्या कारकिर्दीचा जणू शिरस्ताच पडत चालला होता.

अपवादही होते. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याची अवस्था ३ बाद ९१ असताना हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. हा जागतिक विक्रम पुढे जवळजवळ साठ वर्षे टिकला. २००६ मध्ये श्रीलंकेच्या कुमार संगकारा व महेला जयवर्धने यांनी तो मोडला.

पण कसोटीचे मैदान आले, की पुन्हा तेच. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. समोर लिंडवॉल आणि मिलर. हजारे यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक झळकावणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या दुसऱ्या शतकाच्या वेळी भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले होते. भारत एक डाव १६ धावांनी हरला. त्या सामन्यात २०१ धावांवर ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडवणारे गोलंदाजही हजारेच होते; त्याआधी सिडनीलाही त्यांनी ब्रॅडमन यांना त्रिफळाचीत केले होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्ध ३६१ धावांचे लक्ष्य होते. हजारे यांनी १२२ धावा केल्या. वेळ संपली तेव्हा भारत ८ बाद ३५५ वर होता. पहिल्या विजयाला फक्त सहा धावा कमी पडल्या.

ही सारी पुंजी घेऊन हजारे दिल्लीला कर्णधार म्हणून उतरले. इंग्लंडचा तो संघ पूर्ण ताकदीचा नव्हता. हटन, कॉम्प्टन, बेडसर यांच्यासारखे मोहरे मायदेशीच राहिले होते. त्यामुळे अपेक्षा वाढलेल्या होत्या. लेगस्पिनर सदू शिंदे यांनी ९१ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २०३ वर संपला. (हे शिंदे म्हणजे ज्येष्ठ नेते शरद पवार यांचे सासरे.) त्यानंतर चाळिशीतले मर्चंट आणि नवे कर्णधार यांची जोडी जमली. दोघांनी २११ धावांची भागीदारी केली. मर्चंट यांच्या १५४ धावा ही भारतीय फलंदाजाची तोपर्यंतची सर्वोच्च कसोटी खेळी ठरली. पण तो मान त्यांच्याकडे त्या डावापुरताही राहिला नाही. हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. भारताने ६ बाद ४१८ वर डाव घोषित केला. आघाडी २१५ धावांची.

विजय हाताशी आला, असे वाटण्याजोगी ही स्थिती होती. मात्र इंग्लंडच्या ॲलन वॉटकिन्स यांनी तब्बल नऊ तास खेळपट्टी सोडली नाही. ते १३७ वर नाबाद राहिले, इंग्लंडने ६ बाद ३६८ धावा केल्या आणि कसोटी अनिर्णित राहिली. क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांचा खांदा दुखावला. ती त्यांची अखेरची कसोटी ठरली.

धावफलक पुढे ठेवला, की आजही दोन पक्ष पडतात. डाव आणखी लवकर सोडला असता तर, हा पहिला पक्ष. हजारे यांच्या नेतृत्वात सावधपणा अधिक होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वीसपैकी अकरा कसोट्या हरलेल्या आणि सहा धावांनी विजय हुकल्याची आठवण ताजी असलेल्या संघाच्या कर्णधाराने आधी पराभवाची वाट बंद करावी, यात नवल ते काय? या बातमीदाराचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे.

मुंबईच्या कसोटीत हजारे यांनी पुन्हा १५५ धावा केल्या. मुंबई आणि कलकत्ता, दोन्ही सामने अनिर्णित राहिले. कानपूरला भारत आठ विकेटनी हरला. उरली मद्रासची पाचवी कसोटी, भारताची एकूण पंचविसावी. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी ती सुरू झाली आणि त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी खेळ झाला नाही. विनू मांकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ गडी बाद केले. पंकज रॉय यांनी १११, तर पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा काढल्या. भारताने एक डाव आणि ८ धावांनी सामना जिंकला. पहिला कसोटी विजय. ज्या हजारे यांनी पराभूत संघासाठी धावांच्या राशी ओतल्या, त्यांच्या बॅटची या विजयाला फारशी गरजच पडली नाही.

आनंद चार महिनेच टिकला. जून १९५२ मध्ये हेडिंग्लेला इंग्लंडकडूनही एक नवा कर्णधार पहिल्यांदाच नेतृत्व करत होता. ते होते लेन हटन. गोलंदाज फ्रेड ट्रूमन यांचाही तो पदार्पणाचा सामना. पहिल्या डावात ३ बाद ४२ वरून हजारे (८९) आणि तरुण विजय मांजरेकर (१३३) यांनी २२२ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावात मात्र धावफलकावर एकही धाव नसताना चार फलंदाज तंबूत परतले. कर्णधारांनी ५६, तर कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी ६४ धावा करून थोडी लाज राखली. मांकड त्या वेळी हॅसलिंग्डन क्लबकडून लीग खेळत होते आणि पहिल्या कसोटीत ते नव्हते. त्याचा ठपका कर्णधारावर ठेवता येत नाही. ओव्हललाही ५ बाद ६ अशी वाताहत झाली, तेव्हा पुन्हा हजारे आणि फडकर हेच उभे राहिले.

१९ जुलै १९५२ रोजी मँचेस्टरला एकाच दिवसात भारताचे दोन्ही डाव संपले. ५८ आणि ८२. कसोटीच्या इतिहासात असे प्रथमच घडले. त्यानंतर चारच दिवसांनी, २३ जुलैला, हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत ब्राँझपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सांगली तेव्हा दक्षिण सातारा जिल्ह्यात होती आणि कराड उत्तर साताऱ्यात. काही दिवसांच्या अंतराने या भागातील एका पुत्राच्या वाट्याला मानहानी आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला मान.

पुढे पाकिस्तानविरुद्ध कर्णधारपद पुन्हा अमरनाथ यांच्याकडे गेले, आणि लगेच १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी ते हजारे यांच्याकडे परतले. ही धरसोड कोणत्याही नेत्याला मानवणारी नव्हती. मालिका ०-१ अशी गमावली, हजारे यांची बॅट रुसली आणि त्या दौऱ्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. चौदा कसोट्यांत नेतृत्व. एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. नेतृत्वाच्या ओझ्याने एका थोर फलंदाजाचे नुकसान झाले, असे मर्चंट यांचे मत होते. मात्र कर्णधार म्हणून पहिल्या दोन्ही कसोट्यांत हजारे यांनी दीडशेच्या वर धावा केल्या, हेही विसरून चालणार नाही. त्यांना जड झाली ती बहुधा त्यानंतरची वर्षे.

तीस कसोट्यांत २,१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतके. प्रथम श्रेणीत साठ शतके. १९६० मध्ये जसू पटेल यांच्यासमवेत त्यांना पद्मश्री मिळाली. क्रिकेटपटूंना हा किताब पहिल्यांदाच देण्यात आला. पुढे त्यांनी निवड समितीवर काम केले आणि बडोद्यातच शांतपणे आयुष्य घालवले. १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांची प्रमुख स्पर्धा त्यांच्या नावाने भरते. २०२२ मध्ये याच स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार ठोकले, त्यांतला एक नोबॉलवर होता.