संशोधिका नेटी स्टीव्हन्स

भगिनींनो, मुलगी झाली की आजही कित्येक घरांत आधी सुनेकडे बोट दाखवले जाते. हा आरोप निराधार आहे हे सिद्ध करणारा पाया ज्यांनी घातला, त्यांत एक बाई होत्या. म्हणून स्मरणिकेसाठी मी नेटी मारिया स्टीव्हन्स यांचे चरित्र निवडले आहे.

नेटीबाईंचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात कॅव्हेंडिश या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. आई लहानपणीच वारली. नेटीबाईंनी शिक्षिकेची नोकरी धरली, ग्रंथपालाचे कामही केले. पै-पैसा गाठीला बांधून १८९६ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातले. ज्या वयात आपण मुलांच्या शाळेची काळजी वाहतो, त्या वयात या बाई स्वतः विद्यार्थिनी झाल्या, याचे मला फार कौतुक वाटते. १९०३ साली ब्रिन मॉर येथील स्त्रियांच्या महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या.

त्या काळी मुलगा की मुलगी हे आईच्या आहारावर किंवा हवामानावर ठरते, असे पुष्कळ विद्वान मानीत. नेटीबाईंनी पिठात होणारे किडे घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशींतील गुणसूत्रे मोजली. मादीत २० मोठी. नरात १९ मोठी आणि १ अगदी छोटे. म्हणजे मादीची बीजे एकाच तऱ्हेची, नराची मात्र दोन तऱ्हांची. छोटे गुणसूत्र ज्या बीजात, त्यापासून नर, दुसऱ्यापासून मादी. हे संशोधन १९०५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे असेच मत मांडले, आणि पुढे पुष्कळ वर्षे त्यांचेच नाव अधिक गाजले.

त्या छोट्या गुणसूत्राचे काम कसे चालते, हे पुढे उंदरांवरून कळले. उंदरीचे गर्भारपण सुमारे २० दिवसांचे. दहाव्या दिवसाच्या सुमारास नर आणि मादी गर्भांतील जननग्रंथी दिसायला सारख्याच असतात. मग नरगर्भात त्या छोट्या, म्हणजे ‘वाय’, गुणसूत्रावरील ‘एसआरवाय’ नावाचे जनुक दोनएक दिवस जागे होते आणि ग्रंथीचे वृषण होऊ लागते. १९९१ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी ते जनुक मादी होणाऱ्या गर्भात घातले, तर तो उंदीर नर म्हणून वाढला. मादीचा बीजांडकोशही आपोआप घडत नाही. त्यासाठी दुसरी जनुके राबत असतात.

माणसातही ‘वाय’ गुणसूत्र बापाकडूनच येते. पण म्हणून बापाला दोष द्यावा असेही नाही. कोणते बीज आधी पोचेल, हे त्याच्याही हाती नसते.

ब्रिन मॉरने नेटीबाईंसाठी संशोधनाची खास जागा निर्माण केली. परंतु ती स्वीकारण्यापूर्वीच, ४ मे १९१२ रोजी, स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय अवघे ५०.

आपल्या शेजारात मुलगी झाल्याची बर्फी वाटली जाईल आणि कोणी सुनेला बोल लावील, तेव्हा या बाईंची हकिकत आपण जरूर सांगावी.