वाटणीत न घटणारा वारसा

भवानी पेठेतील एका यंत्रमाग कामगाराची दोन जुळी मुले, चेहरेपट्टीने अगदी एकसारखी. त्यांतील एक काही वर्षांपूर्वी माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गात बसत असे. दुसऱ्याने दहावीनंतर शाळा सोडून माग धरला होता. दोघांच्या शिक्षणाचा भार घराला पेलणारा नव्हता, हे उघड कारण. शेजारीपाजारी मात्र निराळेच कारण सांगत. एकाच्या वाट्याला बुद्धी अधिक आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला कमी, असे त्यांचे मत होते. जणू वडिलोपार्जित शेताप्रमाणे आईच्या उदरातच वाटणी झाली होती! हा समज किती निराधार आहे, हे ज्यांच्या आयुष्यभराच्या परिश्रमांतून उमगते, त्या हान्स स्पेमान या जर्मन शास्त्रज्ञाचे चरित्र म्हणूनच आठवावेसे वाटते.

स्पेमान यांचा जन्म १८६९ साली स्टुटगार्ट येथे एका ग्रंथप्रकाशकाच्या घरी झाला. वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते हायडेलबर्गला गेले खरे. परंतु त्यांचे मन रमले ते प्राणिशास्त्रात. वुर्झबर्ग येथे थिओडोर बोव्हेरी यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १८९६ च्या हिवाळ्यात क्षयाने त्यांना गाठले. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी ऑगस्ट वाइसमान यांचा आनुवंशिकतेवरील ग्रंथ वाचला आणि आयुष्याला दिशा मिळाली.

वाइसमान यांचे प्रतिपादन असे की, गर्भपेशीचे विभाजन होत जाते तसतसा तिच्यातील आनुवंशिक ऐवजही वाटला जातो आणि प्रत्येक पेशीच्या हाती त्याचा एकेक अंश तेवढा उरतो. विल्हेल्म रू यांनी १८८८ मध्ये बेडकाच्या दुपेशीय गर्भातील एक पेशी तप्त सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून अर्धाच गर्भ घडला. उलट १८९१ मध्ये हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या सागरी जीवाच्या दोन पेशी अलग केल्या, तेव्हा आकाराने लहान, पण दोन सर्वांगपूर्ण जीव घडले. खरे काय मानावे?

स्पेमान यांनी निर्णयासाठी साधन निवडले ते तान्ह्या बाळाच्या मस्तकावरील केसाचे! न्यूट या उभयचर प्राण्याच्या अंड्याभोवती त्यांनी केसाचा फास आवळला. फास पुरता आवळला की दोन स्वतंत्र जुळे जीव जन्मत. अर्धवट आवळला की एका धडाला दोन डोकी येत. पुढे त्यांनी पेशीकेंद्र एकाच अर्ध्या भागात कोंडून ठेवले. अनेक विभाजनांनंतर त्यातील एक केंद्र पलीकडे सरकले. ते पलीकडच्या भागातही पूर्ण जीव घडवू शकले. वारसा वाटणीत घटत नाही, तो प्रत्येकाला संपूर्ण मिळतो, हे त्यातून सिद्ध झाले. मनुष्यातही एकरूप जुळी मुले एकाच फलित अंड्यापासून, गर्भधारणेनंतरच्या साधारण पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ दुभंगून होतात. जगभर दर हजार प्रसूतींमागे सुमारे चार, असे त्यांचे प्रमाण आहे. गर्भ का दुभंगतो, हे शास्त्राला अद्याप पुरते उलगडलेले नाही; परंतु जोडकेळे खाल्ल्याने जुळी होतात आणि दोष आईचा, या समजुतीला त्यात काडीचाही आधार नाही.

स्पेमान यांचा आणखी एक निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. फास आडव्या दिशेने पडून पाठीकडचा भाग पोटाकडच्या भागापासून तुटला, की पाठीकडचा भाग पूर्ण जीव बने. पोटाकडचा मात्र कणा आणि मज्जासंस्था यांवाचून नुसता गोळा होऊन राही. पेशीकेंद्र दोहोंकडे सारखेच असे. उणे होते ते अंड्याच्या एका विशिष्ट भागातील द्रव्य, जे वाटणीत एकाच्याच हाती लागले होते.

१९१९ पासून स्पेमान फ्रायबर्ग येथे प्राध्यापक होते. तेथे त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड हिने न्यूटच्या एका गर्भातील सूक्ष्म तुकडा दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडे रोवला आणि तेथे दुसरा, चिकटलेला जुळा गर्भ उभा राहिला. भोवतालच्या पेशींना कामाला लावणारा तो तुकडा म्हणजे जणू गर्भाचा संघटकच. हे संशोधन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्वयंपाकघरातील शेगडीच्या अपघातात भाजून, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी ती गेली. १९३५ चा नोबेल पुरस्कार एकट्या स्पेमान यांना मिळाला. १९४१ मध्ये त्यांचेही निधन झाले.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष समाजाला जसाच्या तसा लावणे धोक्याचे असते, याची जाणीव मला आहे. जुळ्यांच्या अभ्यासातून बुद्धी जन्मजातच ठरते, असे सांगणाऱ्या सिरिल बर्ट यांची आकडेवारी त्यांच्या मृत्यूनंतर, १९७० च्या दशकात, अविश्वसनीय ठरली, हा इतिहास फार जुना नाही. तरीही स्पेमान यांच्या आयुष्याने एक विवेक आपल्याला दिला आहे. मागावर उभा असलेला तो मुलगा बुद्धीच्या वाटणीत मागे राहिलेला नव्हता. वारसा दोघांनाही सारखाच मिळाला होता. पुढच्या वाटणीत त्याच्या हाती वही-पुस्तक आले नाही, इतकेच. ही दुसरी वाटणी निसर्गाने केलेली नाही, ती आपण करतो. वर्गातील एखाद्या मुलावर मठ्ठपणाचा शिक्का मारण्यापूर्वी आपण शिक्षकांनी हे ध्यानी घेतले, तरी पुष्कळ होईल.