विश्लेषण : रस्त्यावरच्या मुलांना घरे मिळवून देणाऱ्या ब्रेस यांचे गणित कुठे चुकले?

मूल दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळणे म्हणजे फोस्टर केअर, सरकारी भाषेत प्रतिपालकत्व. आज अशा पालकांची निवड, प्रशिक्षण आणि देखरेख महत्त्वाची मानली जाते. ती का, हे अमेरिकेच्या चार्ल्स लोरिंग ब्रेस यांच्या आयुष्यातून समजते.

कोण होते ब्रेस?

जन्म १८२६, लिचफिल्ड, कनेक्टिकट. येल विद्यापीठात शिकून त्यांनी धर्मोपदेशक होण्याची तयारी केली. मात्र न्यूयॉर्कमध्ये उघड्यावर झोपणारी, वर्तमानपत्रे विकणारी मुले पाहून त्यांनी वाट बदलली. १८५३ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, सहकाऱ्यांसह ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन केली.

‘ऑर्फन ट्रेन’ काय होती?

मोठ्या अनाथालयापेक्षा साधे कुटुंब मुलासाठी चांगले, असे ब्रेस मानत. १८५४ मध्ये मुलांची पहिली तुकडी मिशिगनमधील डोवॅजिॲक गावी गेली. पुढे गावोगावी चर्चमध्ये किंवा सभागृहात मुलांना रांगेत उभे केले जाई आणि कुटुंबे त्यातून मूल निवडत. इतर संस्थांनीही हाच मार्ग धरला. १९२९ पर्यंत दोन लाखांहून अधिक मुले अशी पाठवली गेल्याचा अंदाज आहे.

चुकले कुठे?

कुटुंबांची पारख गावातल्या प्रतिष्ठितांच्या समितीवर सोडलेली होती. पालकांना प्रशिक्षण नव्हते आणि संस्थेच्या प्रतिनिधींच्या भेटी तुरळक होत्या. काही मुलांना माया मिळाली, काहींच्या वाट्याला फक्त शेतातले काम आले. भावंडांची ताटातूट झाली. अनेकांचे आई किंवा वडील हयात होते. १८८०च्या दशकात मिनेसोटात हेस्टिंग्ज हार्ट यांनी चौकशी केली, तेव्हा मुले घाईने सोपवली जात असल्याचे आणि देखरेख अपुरी असल्याचे दिसले. ब्रेस १८९० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले, गाड्या मात्र आणखी ३९ वर्षे धावत राहिल्या.

आपला कायदा काय सांगतो?

बाल न्याय कायदा, २०१५ मधील कलम ४४ प्रतिपालकत्वाबद्दल आहे. कुटुंबाची क्षमता, हेतू आणि अनुभव पाहून निवड करावी, भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, बालकल्याण समितीने दरमहा तपासणी करावी आणि हयगय आढळल्यास मूल तिथून हलवावे, असे त्यात म्हटले आहे. ब्रेस यांच्या योजनेत नेमके हेच कमी पडले होते. त्यामुळे किती मुलांना घर मिळाले, या आकड्याबरोबर त्या घरी दरमहा कोण जाऊन आले, हेही विचारायला हवे.