सारंगीच्या घरातला गवई

कला हवी, पण कलावंत दारात नको, हा न्याय जगात सगळीकडेच चालत आला आहे. अर्जेंटिनातील टँगो हे नृत्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्सच्या गरीब वस्त्यांत, पोटासाठी परदेशातून आलेल्या मजुरांत आणि बदनाम गल्ल्यांत वाढले. तेथील प्रतिष्ठितांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. १९१३ च्या सुमारास पॅरिसने ते डोक्यावर घेतले, तेव्हा कुठे मायदेशीही त्याला दिवाणखान्यात जागा मिळाली.

आपल्याकडे हेच भोग सारंगीच्या वाट्याला आले. मानवी कंठाच्या इतके जवळ जाणारे वाद्य दुसरे नाही. पण ते कोठीवरच्या नाचगाण्याशी जोडले गेले आणि सारंगिया हा केवळ साजिंदा ठरला. चिजांचे भांडार त्याच्यापाशी, नर्तकीला गाणे शिकवणाराही पुष्कळदा तोच. तरी मैफलीत मान मात्र गवयाचा. अशाच एका सारंगियाच्या घरात उस्ताद अमीर खाँ वाढले.

त्यांचा जन्म १९१२ चा. बालपण गेले इंदूरला. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व पुढे ज्या देवासला जाऊन राहिले, त्याच्या शेजारचेच हे शहर. वडील शहमीर खाँ होळकरांच्या दरबारी सारंगी वाजवीत. अमीर नऊ वर्षांचा असताना आई गेली. घरी मोठमोठ्या गवयांचे येणेजाणे होते, मुलाच्या कानावर उत्तम गाणे पडत होते. सुरुवातीला त्याच्याही हाती सारंगीच आली. परंतु सारंगियाच्या मुलाला गवयांची विद्या कशाला, असा टोमणा वडिलांना एका ठिकाणी ऐकावा लागला आणि त्यांनी मुलाला गवईच करण्याचा निश्चय केला, असे सांगतात.

त्यांनी मुलाकडून मेरुखंडाची तालीम करून घेतली. तीन स्वरांची उलटापालट सहा प्रकारे होते, चार स्वरांची चोवीस प्रकारे आणि सात स्वरांची तब्बल ५०४० प्रकारे. हे सारे क्रम गळ्यात बसवायचे! हिशेबाचे हे रूक्ष काम पुढे अमीर खाँच्या आलापीत असे विरघळले की ऐकणाऱ्याला त्यात गणित जाणवत नाही.

१९३४ साली ते मुंबईस आले. नंतर रायगढचे राजे चक्रधरसिंह यांच्या पदरी राहिले. राजे कथ्थकचे मोठे आश्रयदाते. त्यांच्या वतीने मिर्झापूरच्या परिषदेत गायला बसले असता श्रोत्यांनी पंधरा मिनिटांतच हुल्लड केली. ठुमरी गा, म्हणजे निभेल, असे सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि ते उठले. ठुमरी त्यांना येत नव्हती असे नाही. पण टाळ्यांसाठी त्यांना आपला मार्ग सोडायचा नव्हता. १९३७ मध्ये वडील वारले. मुलाची कीर्ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढे अब्दुल वहीद खाँची अतिविलंबित बढत, रजब अली खाँची तानक्रिया आणि अमान अली खाँची मेरुखंडाची वाट या तिन्हींतून अमीर खाँनी स्वतःचे गाणे घडवले. झुमऱ्याच्या चौदा मात्रांत रमणारी ती गायकी इंदूर घराणे म्हणून ओळखली जाऊ लागली.

१९५२ च्या 'बैजू बावरा' या चित्रपटात द. वि. पलुसकरांबरोबर त्यांचा आवाज घराघरांत गेला. १९५५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटाचे शीर्षकगीत त्यांनी वसंत देसाईंच्या संगीतात अडाण्यात गायिले. ज्या घुंगरांच्या साथीमुळे सारंगीला कमीपणा आला, त्याच घुंगरांवरचा हा चित्रपट लोकांनी सहकुटुंब पाहिला!

१९६७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७१ साली पद्मभूषण असे सन्मान त्यांना लाभले. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

धाकटे बंधू बशीर खाँ मात्र सारंगीवरच राहिले. इंदूरच्या आकाशवाणीवर ते वाजवीत. एकाच घरातले, एकाच तालमीचे हे दोघे भाऊ. एकाचे नाव देशभर झाले, दुसऱ्याचे फारसे कोणाला ठाऊक नाही. अमीर खाँची संथ मींड ऐकताना सारंगीवर फिरणारा गज आठवतो. गवयाला दाद देताना त्याच्या मागे बसलेल्या साथीदाराचे नाव आपण विचारतो का?